जुन्या चांदीच्या आयरिश मेडलवरचा मजकूर कसा वाचायचा: आधी अक्षरं, मग शब्द, हार्प सगळ्यात शेवटी

अधूनमधून मला व्हॉट्सअ‍ॅपवर असे फोटो येतात. काळपट चांदीचं मेडल, त्यावर हार्प (तंतुवाद्य) नाहीतर तीन पानांचा शॅमरॉक, कडेनं वेलबुट्टीसारखी अक्षरं आणि खाली प्रश्न, "आयरिश क्रांतिकारकाचं आहे ना हे?" बहुतेक वेळा नसतं हो. नाचाच्या स्पर्धेचं निघतं, नाहीतर एखाद्या गावच्या फुटबॉल टीमचं. चूक सगळे एकच करतात, चिन्हं बघून गोष्ट आधी ठरवतात आणि मग मजकूर त्या गोष्टीत कोंबतात. मोडी वाचायला बसलेल्यांना हे लगेच कळेल, अर्थ आधी मनात धरला की डोळा हवं तेच अक्षर दाखवतो. म्हणून खालचा क्रम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नका.

उदाहरणाला माझ्या आतेबहिणीचं मेडल घेतो. ती डब्लिनला नोकरीला असते, तिथल्या रविवारच्या बाजारात तिला हे मिळालं. समोर केल्टिक क्रॉस आणि मध्ये बारीक हार्प, मागे तीन ओळी, त्याखाली हातानं कोरलेलं नाव. तिचा पहिला मेसेज होता, "दादा, यावर शंभर बक्षिसं लिहिलंय बहुतेक!" शंभर कुठून आले ते पुढे येईलच.

## तयारी: मेडल पुसायचं नाही

दहा पट दाखवणारं भिंग (सोनारी लूप), एक छोटा टॉर्च, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पट्टी, वही आणि मोबाइल, एवढंच लागतं.

लागत नाही ते म्हणजे चिंच, टूथपेस्ट, राख आणि भांड्यांची पावडर. आपल्याकडे चांदी दिसली की हात आपोआप घासायलाच जातो, पण अक्षरांच्या खाचेत बसलेला काळेपणाच अक्षर उठून दाखवतो, तो गेला की चकचकीत चांदीवर चकचकीत रेघ उरते आणि काही म्हणजे काही दिसत नाही. हे अनुभवातून सांगतोय, माझ्या पहिल्या मेडलला मी टूथपेस्ट लावली आणि एका अक्षरावरचं टिंबच उडवलं, त्या टिंबानं अख्खा शब्द बदलत होता हे मला दोन महिन्यांनी कळलं. फारच माती असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून नुसतं टेकवा, घासू नका. मीनाकाम असेल तर पाणीही नको.

फोटो असे काढा. मेडल टेबलावर सपाट ठेवा, खोलीत अंधार करा, टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून आडवा प्रकाश टाका, आणि टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत आठ दिशांनी आठ फोटो घ्या. एका फोटोत न दिसणारी रेघ दुसऱ्यात सावली होऊन येते. मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा आणि रंग उलटे करूनही बघा.

सावधान: प्रकाश खालून आला तर कोरलेली अक्षरं उठावाची दिसतात आणि उठावाची खोल. गोंधळ वाटला तर डावीकडून वरून प्रकाश टाकलेला फोटो खरा धरा.

## टप्पा १: धातू खरंच चांदी आहे का

हे आधी, कारण यावरून बरेच दावे इथेच गळून पडतात. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, मेडल दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं मेडलच्या कोरड्या वजनाला भागा. बहिणीचं मेडल कोरडं १४.५० ग्रॅम भरलं, पाण्यात काट्यानं १.४० दाखवलं, भागाकार साधारण १०.३६. स्टर्लिंग चांदी (९२.५ टक्के शुद्ध) याच्याच आसपास येते. उत्तर ९ च्या खाली आलं तर ब्राँझ किंवा निकेलचा मिश्रधातू, आणि ७ च्या थोडं वर आलं तर कथलासारखा पांढरा धातू. मेडलला चिकटलेले बुडबुडे आधी दोरा हलवून घालवा, नाहीतर उत्तर कमी येतं. मीनाकाम असेल तर ही चाचणी सोडूनच द्या. आणि सोनाराकडे ॲसिड लावायला नेऊ नका, डाग कायमचा राहतो.

तपासा: १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावासाठी आयरिश सरकारनं १९४१ मध्ये सुरू केलेलं मेडल ब्राँझचं आहे, स्वातंत्र्ययुद्धाचं सर्व्हिस मेडलही ब्राँझचंच. तुमच्या हातातलं चांदीचं असून त्यावर मरणारा कूहुलिन (आयरिश दंतकथांतला वीर) किंवा "स्वातंत्र्ययुद्ध" असा आयरिश मजकूर असेल तर ते हे सरकारी मेडल नव्हे, कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे.

## टप्पा २: हॉलमार्क शोधा, पण त्याला चिन्ह समजू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. हॉलमार्क म्हणजे सरकारमान्य तपासणीचे बारीक ठसे, ते मागच्या बाजूला, कडेवर किंवा अडकवायच्या कडीवर असतात.

डब्लिनच्या ठशांत मुकुट घातलेली हार्प असते, ती शुद्धतेची खूण, तिथल्या सोनारांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली तेव्हापासूनची. आणि बसलेली एक बाई असते, ती हायबर्निया, म्हणजे आयर्लंडची प्रतिमा. ती १७३० मध्ये करासाठी आली, पुढे तीच डब्लिनची ओळख झाली. राजाचं किंवा राणीचं डोकं असेल तर ते कर भरल्याचं, डब्लिनमध्ये १८०७ ते १८९० एवढ्याच काळातलं. त्यामुळे ठशातली मुकुटवाली हार्प बघून "ब्रिटिश फौजेचं मेडल" असं ठरवू नका, ती तर आजही मारतात.

जहाजाचा नांगर दिसला तर आरमार आठवू नका. तो बर्मिंगहॅमचा ठसा, आणि शेजारी चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग. आयर्लंडमध्ये वाटलेली कितीतरी मेडलं बर्मिंगहॅमला बनलेली असतात, त्यामुळे इंग्लिश ठसा म्हणजे मेडल खोटं असंही नाही.

वर्षाचं अक्षर वाचताना नुसतं अक्षर बघून चालत नाही. तीच अक्षरं दर वीस-पंचवीस वर्षांनी परत येतात, फरक असतो तो अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या चौकटीच्या आकारात. तक्त्याशी ताडताना दोन्ही जुळायला हवं. बनवणाऱ्याची आद्याक्षरंही टिपून ठेवा.

तपासा: कडीवरचा आणि अंगावरचा ठसा वेगळा निघाला तर कडी नंतर बदललेली असू शकते. वर्ष अंगावरच्या ठशाचं धरा.

## टप्पा ३: भाषा नक्की आयरिशच आहे का

आयरिश मेडलवर आयरिश भाषाच असेल असं काही नाही. तीन-चार गोष्टी आधी वगळा.

लॅटिन: "क्विस सेपराबित" (आम्हाला कोण वेगळं करणार) हे आयरिश समजून डिक्शनरीत शोधणारे लोक मी पाहिलेत. ते लॅटिन आहे, ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक या किताबाचं आणि कनॉट रेंजर्स या पलटणीचं ब्रीद. दुसरं "स्पेक्टामुर आगेंदो", हे रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सचं, आणि त्यांच्या चिन्हात चक्क वाघ आणि हत्ती. आयरिश मेडलवर हत्ती बघून कोणीतरी आपल्याला गंडवलंय असं वाटतं, पण ही रेजिमेंट १८८१ मध्ये कंपनी सरकारच्या जुन्या बॉम्बे आणि मद्रास फ्युझिलिअर्स एकत्र करून झाली आणि १९२२ मध्ये बरखास्त झाली. आपल्याकडच्या जुन्या बाजारात असलं काही दिसलं तर हत्ती खराच असू शकतो.

इंग्रजी कानानं लिहिलेलं आयरिश: "एरिन गो ब्रा", "फॉग अ बॅला" वगैरे. शब्द मूळचे आयरिश, स्पेलिंग मात्र इंग्रजी. यांना आयरिश डिक्शनरीत शोधू नका, सापडत नाहीत.

वेल्श आणि स्कॉटिश गेलिक: जुन्या आयरिश लिपीत अठराच अक्षरं. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड नाहीत. शब्दांत डब्ल्यू आणि वाय भरपूर दिसले तर वेल्श असण्याची शक्यता मोठी. स्वरावरची तिरकी रेघ आयरिशमध्ये उजवीकडे चढते, स्कॉटिश गेलिकमध्ये ती बहुधा डावीकडून खाली उतरते. भिंगातून हे एका नजरेत कळतं.

## टप्पा ४: अक्षरं उतरवा, अर्थ नाही

आता वहीत मेडलवरच्या ओळी जशाच्या तशा आखा, एका अक्षराला एक चौकोन, न दिसणाऱ्या अक्षराचा चौकोन रिकामा. गूगल ट्रान्सलेट बंद. उच्चाराच्या नादीही लागू नका, आयरिश स्पेलिंग आणि उच्चार यांचं नातं कळायला वर्षं लागतात आणि वाचायला त्याची गरज नाही.

जुनी मेडलं बहुतेक गेलिक (जुन्या आयरिश लिपीच्या) वळणात असतात, शाळेच्या पुस्तकांतही हे वळण १९६० च्या दशकापर्यंत होतं. फसवणारी अक्षरं अशी:

- एस आणि आर: दोन्हींना डावीकडे खाली जाणारा पाय, एस चक्क आर सारखा दिसतो आणि आर हा एन किंवा पी सारखा. फरक उजव्या बाजूत आहे, आर ची उजवी रेघ परत खालपर्यंत येते, एस ची वरच छोटासा बाक घेऊन संपते.
- जी: वरून सपाट रेघ आणि खाली आकडी, साधारण ३ च्या आकड्यासारखा.
- टी: आडव्या रेघेच्या वर दांडी येतच नाही, झिजला की सी वाटतो.
- डी: उभी दांडी नाही, पाठ डावीकडे वळलेली.
- आय: यावर टिंब नसतं! हे पाठच करा.
- आणि ७ सारखी खूण: हा आकडा नाही, "आणि" आहे.

टिंबाचं नीट सांगतो कारण सगळं घोडं तिथेच अडतं. आय वर टिंब नसल्यामुळे वर दिसणारं टिंब हे नेहमी व्यंजनाचं, तेही बी, सी, डी, एफ, जी, एम, पी, एस, टी या नऊ अक्षरांचंच. त्याचा अर्थ त्या व्यंजनापुढे एच आहे. दुसऱ्या कुठल्या अक्षरावर टिंब दिसलं तर तो खड्डा, डाग किंवा तुमचं चुकीचं वाचन.

बहिणीनं पहिल्या फेरीत पहिली ओळ एफ-ई-आय-आर अशी वाचली. आता एफ-ई-आय-एस म्हणजे फेश, गाणं-नाच-पाठांतराच्या स्पर्धांचा मेळावा, आणि आयरिश मेडलवर या शब्दाइतका नेहमीचा शब्द क्वचितच असेल. शेवटचं अक्षर एस होतं. त्याच न्यायानं दुसऱ्या ओळीतला डी-यू-ए-आय-आर हा डी-यू-ए-आय-एस निघाला, म्हणजे बक्षीस. आणि तिसऱ्या ओळीतला एन-आय-एन-एन-सी-ई? तो आर-आय-एन-एन-सी-ई. नाच.

तपासा: एस ठरवलेली सगळी अक्षरं एकमेकांशी ताडून बघा. एकाच मेडलवर एकच अक्षर दोन वळणांत छापलेलं नसतं, हातानं कोरलेलं नाव सोडून.

## टप्पा ५: टिंब उलगडा आणि शब्द सोला

आता वहीत दुसरी ओळ आखा. प्रत्येक टिंबाच्या जागी एच लिहा, सातच्या जागी ए-जी-यू-एस (आणि). मग शब्दाचं मूळ रूप काढायचं, कारण आयरिश शब्द सुरुवातीला बदलतो. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं, घर-घरात-घराचं, तिकडे डोकंही बदलतं.

दोन नियम पुरतात. पहिल्या व्यंजनापुढचा एच काढून शोधा. आणि सुरुवातीला बी-पी, डी-टी, जी-सी, एम-बी, एन-डी, एन-जी किंवा बी-एच-एफ अशी जोडगोळी असेल तर पहिलं अक्षर (बी-एच-एफ मध्ये पहिली दोन) काढून त्यानंतरच्या अक्षराखाली शोधा. नावात हे सहज ओळखू येतं, छोटा एन आणि त्यानंतर मोठा जी असेल तर शब्द जी चा आहे. स्वराआधी नुसता छोटा एच चिकटलेला असतो, तोही काढायचा.

शंभर बक्षिसांचं गूढ इथे सुटलं. ओळ होती "ए-एन सी-ई-ए-डी डी-यू-ए-आय-एस", ई वर तिरकी रेघ. सी-ई-ए-डी म्हणजे शंभर, बहिणीचं बरोबरच होतं! पण त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द आहे "पहिला", आणि मागे ए-एन आला की सी वर टिंब येतं. आठपैकी सहाव्या फोटोत ते टिंब दिसलं. पहिलं बक्षीस.

सावधान: तिरकी रेघ विसरू नका. एस-ई-ए-एन म्हणजे म्हातारा किंवा जुना, ए वर रेघ दिली की शॉन हे नाव. झिजलेल्या मेडलवर आणि मोठ्या अक्षरांत रेघ आणि टिंब दोन्ही गायब असू शकतात, म्हणून दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

## टप्पा ६: योग्य काळाची डिक्शनरी

आयरिश स्पेलिंग १९४५-४७ मध्ये सुटसुटीत केलं आणि १९५८ मध्ये अधिकृत प्रमाण रूप आलं. त्याआधीचं मेडल नव्या डिक्शनरीत शोधलं की "असा शब्दच नाही" म्हणून लोक सोडून देतात. नाचाचा शब्द जुन्या स्पेलिंगमध्ये दोन एन चा, नव्यात एका एन चा. जुन्यासाठी डिनीनचा कोश (१९०४, वाढवलेली आवृत्ती १९२७), त्यातले शब्द त्याच गेलिक वळणात छापलेत हा मोठा फायदा. नव्यासाठी ओ डोनिलचा १९७७ चा.

कोशातला पहिला अर्थ उचलू नका. सी-आर-ए-ओ-बी-एच म्हणजे झाडाची फांदी, आणि मेडलवर फांदी बघून लोक धर्मग्रंथात शिरतात. खेळात तो शब्द अजिंक्यपदाला वापरतात आणि गेलिक लीगमध्ये (आयरिश भाषेसाठी काम करणारी संस्था, स्थापना १८९३) शाखेला. शेजारी पी-ई-आय-एल (फुटबॉल) किंवा आय-ओ-एम-ए पासून सुरू होणारा हर्लिंगचा (काठी आणि चेंडूचा आयरिश खेळ) शब्द असेल तर अजिंक्यपद धरा. सी.एल.जी. ही आद्याक्षरं असली तर प्रश्नच मिटला, ती गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची.

## टप्पा ७: नाव आणि गाव

बी.ए.सी. (ए वर रेघ) म्हणजे डब्लिन. वेक्सफर्डचं आयरिश नाव लॉख गार्मन, वॉटरफर्डचं पोर्ट लार्गे, इंग्रजी नावाशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे गावांच्या नावांची यादी जवळ ठेवा, अंदाज करू नका.

आडनावात ओ किंवा मॅक असेल तर पुरुष, एन-आय किंवा एन-आय-सी असेल तर माहेरचं आडनाव लावणारी बाई, यू-आय किंवा एम-एच-आय-सी हे बहुधा लग्नानंतरचं. एन-आय ला आद्याक्षरं समजून एखादी "एन. आय. अमुक" अशी व्यक्ती शोधत बसणं ही नेहमीची चूक. नाव इंग्रजीतही फिरवून ठेवा, पॉड्रिग म्हणजे पॅट्रिक, शेमस म्हणजे जेम्स, लिअम म्हणजे विल्यम, कारण सरकारी कागदावर बऱ्याचदा इंग्रजी रूपच असतं. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे फॉर्म ऑनलाइन फुकट बघता येतात, तिथे दोन्ही रूपं टाकून शोधा.

## टप्पा ८: आता चिन्हं

मजकूर हातात आल्यावर चिन्हं फार सोपी होतात.

चार प्रांतांची ढाल: हार्प लेन्स्टरची, तीन मुकुट मन्स्टरचे, लाल पंजा अल्स्टरचा, अर्धा गरुड आणि तलवार धरलेला हात कनॉटचा. एकच चौकट असेल तर प्रांतिक स्पर्धा असू शकते, चारही असतील तर देशपातळी किंवा नुसती सजावट. लाल पंजा बघून राजकारणावर उडी मारू नका, टायरोन परगण्याची गेलिक फुटबॉल टीमही तोच लावते. अल्स्टरचा पंजा उजवा असतो, डावा असेल तर तो ब्रिटिश बॅरोनेट किताबाचा असण्याची शक्यता जास्त.

हार्प: सरकारी हार्पची सरळ बाजू उजवीकडे, डावीकडे असेल तर ती गिनेस बिअरच्या हार्पसारखी. हसू नका, कंपनीचं बक्षीस सरकारी सन्मान म्हणून विकायला आलेलं मी बघितलंय. जुन्या मेडलवर मात्र कारागीर मनाला येईल तशी वळवायचे. चार पानांचा शॅमरॉक नसतो. बाईचं डोकं दिसलं तर संत समजायच्या आधी वर्ष बघा, १९२४, १९२८ किंवा १९३२ असेल तर टेल्टन गेम्सची राणी टेल्टे असू शकते. आणि "आयरिश फ्री स्टेट" हे आयरिशमध्ये असेल (एस-ए-ओ-आर-एस-टी ने सुरू होतं) तर काळ १९२२ ते १९३७.

## टप्पा ९: जुळवणी

एका पानावर चार रकाने करा: हॉलमार्कचं वर्ष, कोरलेलं वर्ष, स्पेलिंगचा काळ, चिन्हांचा काळ. हॉलमार्क कोरलेल्या वर्षापेक्षा एक-दोन वर्षांनी जुना असेल तर हरकत नाही, कोरी मेडलं आधी बनवून ठेवायचे. हॉलमार्क नंतरचा निघाला तर मेडल पुन्हा करून घेतलेलं किंवा बनावट. १९२० चं मेडल आणि स्पेलिंग १९५८ नंतरचं असेल तरी तेच.

एवढं करून अडलं तर विचारा. खेळाचं असेल तर क्रोक पार्कमधलं गेलिक खेळांचं म्युझियम, बाकीचं असेल तर डब्लिनच्या कॉलिन्स बॅरक्समधलं नॅशनल म्युझियम. मेलमध्ये "हे काय आहे" एवढंच लिहू नका. वजन, व्यास, ठशांचा जवळचा फोटो, आडव्या प्रकाशातले दोन फोटो आणि तुमच्या वहीतलं चौकोनांचं पान पाठवा, रिकाम्या चौकोनांसकट.

बहिणीच्या मेडलवरचं नाव अजून अर्धंच लागलंय. एन-आय आहे, म्हणजे कोणी मुलगी, पुढे एम आणि त्यावर टिंब, मग तीन चौकोन रिकामे. ती म्हणते मर्फीच असणार, सगळ्यात कॉमन आडनाव. मी म्हटलं टॉर्च आण, अजून आठ फोटो काढ.